रँडम आकडे काढायचेत पण एकही परत यायला नको? सुरुवातीपासून सांगते

लातूरला एका क्लाससाठी मी टेस्टचे पेपर काढून द्यायचे. फिजिक्सचा प्रश्नसंच ५०० प्रश्नांचा, त्यातले ५० उचलायचे आणि दर रविवारी टेस्ट. हाताने निवडत बसलं की दोन-दोन तास जायचे, म्हणून मी पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बारका कोड लिहिला, पन्नास वेळा रँडम आकडा काढला, त्या नंबरचे प्रश्न वर्डमध्ये चिकटवले आणि झेरॉक्सला दिलं. टेस्ट सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, मागच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, सतरावा आन् एकेचाळिसावा प्रश्न सेमच दिसलालाय की." बघितलं तर खरंच सेम, पर्यायांसकट. दोनशे पोरं समोर बसलेली, खेड्यापाड्यातून रूम करून राहणारी, आणि माझ्या कोडमुळं त्यांचा एक प्रश्न वाया गेला ह्याचं मला लय वाईट वाटलं.

त्या दिवशी घरी येऊन हे सगळं नीट शिकले. तेव्हा मला कुणी मराठीत सरळ सांगणारं मिळालं नव्हतं, म्हणून लिहितेय. तुम्ही बीसीए करत असाल, डिप्लोमाला असाल, शाळेत शिक्षक असाल आणि लकी ड्रॉ तुमच्या गळ्यात पडला असेल, सगळ्यांना चालेल असं लिहायचा प्रयत्न करते.

एक गोष्ट आधीच सांगते. कोडच्या ओळी मी इथं देवनागरीत लिहिल्यात. टाईप करताना व्हाईल, इम्पोर्ट असले शब्द, फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकडे पण इंग्रजी अंकांतच टाकायचे. व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याचं, नाव मात्र पायथन ३ मध्ये मराठीत ठेवलं तरी चालतं, 'प्रश्न' असं नाव दिलं तर खुशाल घेतं. आणि इनपुटमध्ये कुणी मराठी अंकांत "५००" टाईप केलं तर इंट फंक्शन त्याचा बरोबर आकडा करून देतं, हे मला कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

लागणारं सामान

- कॉम्प्युटर, नाहीतर अँड्रॉइड मोबाईल. लाईटचा भरवसा नसेल तर मोबाईलवर पायड्रॉइड ३ हे ॲप टाकून घ्या, खालचा पायथनचा कोड त्यावर चालतो.
- पायथन ३. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली पाथमध्ये ॲड करायचा चौकोन असतो, त्यावर टिक करा. ती राहिली की नंतर कमांड प्रॉम्प्ट म्हणतं पायथन सापडत नाही आणि नवीन माणूस तिथंच अर्धा दिवस घालवतो.
- तुमची यादी, नंबर टाकलेली. १ पासून सुरू, मधला एकही नंबर न गाळता.
- कागद, पेन आणि पाच चिठ्ठ्या. चिठ्ठ्या खरंच लागणार आहेत.

१. आधी तीन आकडे कागदावर लिहा

कुठून, कुठपर्यंत, आणि किती पाहिजेत. माझ्या बाबतीत १ पासून ५०० पर्यंत, ५० पाहिजेत.

रेंजमध्ये एकूण आकडे किती हे काढताना शेवटच्यातून पहिला वजा करून एक मिळवायचा. १०१ ते ५०० म्हणजे ३९९ नसतात, ४०० असतात. आणि जितके पाहिजेत ते ह्या एकूणपेक्षा जास्त नसले पाहिजेत. १ ते १० मधून ११ वेगळे आकडे ब्रह्मदेवाला पण काढता येणार नाहीत, पण कॉम्प्युटरला हे आपणहून कळत नाही, काही ठिकाणी तो एरर देतो आणि काही ठिकाणी नुसता फिरत राहतो. म्हणून कोडच्या पहिल्याच ओळीत ही तपासणी टाका.

२. सगळे जण पहिल्यांदा करतात ती पद्धत, आणि ती का फसते

पायथनमध्ये रँडइंट नावाचं फंक्शन आहे. रँडम.रँडइंट(१, ५००) म्हटलं की १ ते ५०० मधला एक आकडा मिळतो, दोन्ही टोकं धरून. हे पन्नास वेळा लूपमध्ये, म्हणजे तीच ओळ परत परत, चालवलं की पन्नास आकडे, मीही हेच केलं होतं.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तुम्ही बघितली असेल. बरणीत चिठ्ठ्या टाकतात, एखाद्या शाळेतल्या लेकराला हात घालायला लावतात, निघालेली चिठ्ठी सगळ्यांना दाखवून बाजूला ठेवतात. आता समजा ती चिठ्ठी वाचून परत बरणीत टाकली आणि मग दुसरी काढली, तर तेच गाव परत निघू शकतं. रँडइंटचं लूप म्हणजे अगदी तेच, दर वेळी चिठ्ठी परत बरणीत. मागच्या वेळी काय निघालं ते त्याला माहीतच नसतं.

आता तुम्ही म्हणाल ५०० मधून ५० काढताना रिपीट व्हायचा चान्स असा किती असेल. मलाही वाटलं होतं की दहा टक्के वगैरे. हिशोब केला तर निदान एक आकडा रिपीट व्हायची शक्यता जवळपास ९२ टक्के निघते. म्हणजे माझा पेपर चुकला नसता तर नवल होतं. नुसते १० काढले तरी ही शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास असते. वर्गात २३ पोरं असली तर दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असायची शक्यता निम्म्याच्या वर जाते, त्यातलंच हे गणित आहे. पहिल्या आकड्याला भांडायला कोणी नसतं, पण पन्नासाव्याला आधीच्या एकोणपन्नासांपैकी कुणाशी पण टक्कर होऊ शकते, आणि अशा जोड्या १२२५ होतात.

म्हणून "मी चार वेळा चालवून बघितलं, एकदाही रिपीट आलं नाही" ह्यावर विश्वास ठेवू नका. १० आकड्यांच्या कोडमध्ये अकरा-बारा वेळात एकदा रिपीट येणार, आणि ते चार पोरांसमोर नाही, गॅदरिंगच्या स्टेजवर येणार.

३. आला तर सोडून द्या: सेटची पद्धत

ह्यावरचा पहिला इलाज म्हणजे निघालेला आकडा आधी आलाय का बघायचं, आला असेल तर सोडून परत काढायचं. पायथनमध्ये सेट ह्यासाठी सोयीचा, कारण सेटमध्ये एक गोष्ट एकदाच राहते.

निवडलेले = सेट()
व्हाईल लेन(निवडलेले) < ५०:
    निवडलेले.ॲड(रँडम.रँडइंट(१, ५००))

इथं लूप पन्नास वेळा फिरवायचं नाही, सेटमध्ये पन्नास जमेपर्यंत फिरवायचं. फॉर लूप लावून पन्नास वेळा ॲड केलं तर हातात ४७ किंवा ४८ आकडे येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

५०० मधून ५० काढायला सरासरी ५३ वेळा प्रयत्न लागतात, म्हणजे काहीच नाही. पण ह्याच पद्धतीने ५०० च्या ५०० काढायला गेलात तर सरासरी ३४०० च्या आसपास प्रयत्न लागतात, त्यातला शेवटचा उरलेला एकच आकडा सापडायलाच सरासरी ५०० वेळा बरणीत हात घालावा लागतो. आणि चुकून ५०१ मागितले तर लूप कधीच थांबत नाही, कॉम्प्युटरचा फॅन घरघर करतो आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. माझं मत विचाराल तर रेंजच्या निम्म्यापेक्षा कमी आकडे पाहिजे असतील तरच ही पद्धत वापरा.

ह्यात अजून एक खड्डा आहे जो बऱ्याच जणांना दिसत नाही. सेटमधून आकडे बाहेर येतात तो क्रम तुम्ही काढल्याचा क्रम नसतो. आमच्या गल्लीत १२ बायकांची भिशी आहे, कुणाचा नंबर कोणत्या महिन्यात ते ठरवायला मी सेटने १२ च्या १२ आकडे काढले, प्रिंट केलं, तर आलं १, २, ३, ४ करत थेट १२ पर्यंत. परत चालवलं, परत तेच. पायथन बारके पूर्णांक सेटमध्ये असे ठेवतं की ते बहुतेक चढत्या क्रमानेच बाहेर येतात. माझं लक्ष गेलं म्हणून बरं, नाहीतर यादीत पहिलं नाव जिचं तिलाच पहिली भिशी मिळाली असती. म्हणून पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस असा क्रम महत्त्वाचा असेल तर सेटच्या भरवशावर राहू नका, निघेल तसा आकडा लिस्टमध्ये जोडत जा आणि सेट फक्त "आधी आलाय का" एवढं बघायला ठेवा.

४. चिठ्ठ्या पिसा: खरी पद्धत ही

आता त्या पाच चिठ्ठ्या घ्या. १ ते ५ लिहा आणि टेबलावर ओळीत मांडा.

शेवटून सुरू करायचं. पाचव्या जागेसाठी १ ते ५ मधला एक रँडम आकडा काढा, समजा २ आला. दुसऱ्या आणि पाचव्या जागेवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. ओळ झाली १ ५ ३ ४ २. पाचवी जागा आता पक्की, तिला हात लावायचा नाही. चौथ्या जागेसाठी १ ते ४ मधला आकडा काढा, समजा १ आला, पहिल्या आणि चौथ्याची अदलाबदल: ४ ५ ३ १ २. तिसऱ्या जागेसाठी १ ते ३ मधला, समजा ३ च आला, मग चिठ्ठी जागच्या जागी. हे चालतं, ती टाळायची नाही. दुसऱ्या जागेसाठी १ ते २ मधला, समजा १: ५ ४ ३ १ २. संपलं.

एकही आकडा परत यायचा प्रश्नच नाही, कारण चिठ्ठ्या होत्या तेवढ्याच आहेत, फक्त जागा बदलल्या. तपासायचं काही नाही, परत काढायचं काही नाही, ५०० चिठ्ठ्यांना ४९९ अदलाबदली आणि काम फत्ते. तुम्हाला ५० च पाहिजेत ना, मग पन्नास जागा पक्क्या झाल्या की थांबा आणि तेवढ्या उचला.

ह्याला फिशर-येट्स शफल म्हणतात. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स, दोघंही इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड ह्या शेती संशोधन केंद्रात काम केलेले, त्यांनी १९३८ मध्ये ही पद्धत छापली, तेव्हा कागदावर आकडे लिहून एकेक खोडत जायची होती. अदलाबदलीची जी तऱ्हा आपण आत्ता केली ती रिचर्ड डर्स्टनफेल्ड ह्यांनी १९६४ मध्ये कॉम्प्युटरसाठी मांडली. मला ह्यातलं शेतीचं नातं फार आवडतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही विचारा, वाणांची चाचणी घेताना कोणत्या प्लॉटमध्ये कोणतं वाण पेरायचं हे रँडम ठरवतात, म्हणजे जमिनीच्या चांगल्या-वाईट पट्ट्याचा फायदा एकाच वाणाला मिळत नाही. तो विचार ह्याच फिशर साहेबांचा.

इथं होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर जागेसाठी १ ते ५ मधलाच आकडा काढणे, पक्क्या झालेल्या जागा पण परत हलवणे. दिसायला जास्त पिसल्यासारखं वाटतं पण सगळे क्रम सारख्या चान्सने येत नाहीत. तीनच चिठ्ठ्यांवर बघा: दर वेळी ३ पर्याय, तीन वेळा, म्हणजे २७ वाटा. आणि तीन चिठ्ठ्यांचे क्रम होतात ६. सत्तावीस गोष्टी सहा जणांत सारख्या वाटता येतात का? नाही येत, कुणाला चार मिळणार कुणाला पाच. इतकं साधं आहे, पण ही चूक अनुभवी लोकांच्या कोडमध्ये पण सापडते.

५. पायथनमध्ये एका ओळीत

आता हे सगळं कळलंय म्हणून तयार फंक्शन बिनधास्त वापरा:

इम्पोर्ट रँडम
प्रश्न = रँडम.सॅम्पल(रेंज(१, ५०१), ५०)
प्रिंट(प्रश्न)

सॅम्पल म्हणजे चिठ्ठी परत न टाकता काढणे. क्रम पण रँडम येतो. बस्स. पण ह्या तीन ओळींत पण पोरं कुठं कुठं अडकतात ते माझ्याकडं यादीच आहे.

फाईलचं नाव रँडम डॉट पीवाय ठेवू नका. नवीन पोरगं हमखास हेच नाव ठेवतं, कारण प्रॅक्टिकल रँडमचं असतं. मग इम्पोर्ट रँडम म्हटलं की पायथन स्वतःचं रँडम सोडून तुमचीच फाईल उघडतं आणि म्हणतं की सॅम्पल नावाचं काही ह्यात नाही. कोड अक्षर न् अक्षर बरोबर असतो, तरी चालत नाही, आणि माणूस रडकुंडीला येतो. फाईलचं नाव बदला, 'सोडत' ठेवा, 'पेपर' ठेवा, काहीही ठेवा.

रेंजमध्ये ५०१ का लिहिलं? कारण रेंज शेवटचा आकडा धरत नाही. रँडइंट मात्र धरतं. एकाच भाषेत दोन रीती, त्यामुळं गोंधळ होणारच. रेंज(१, ५००) लिहिलं तर पाचशेवा प्रश्न आयुष्यात कधी येणार नाही आणि एररही येणार नाही, आणि लकी ड्रॉ असेल तर ५०० नंबरचं कूपन घेतलेल्या माणसावर उघड अन्याय झाला. नमपाय ह्या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतलं रँडइंट परत शेवटचा आकडा सोडतं, त्यामुळं नाव सारखं म्हणून रीत सारखी असेल असं धरून चालू नका.

चॉइसेस आणि सॅम्पल ह्यांत घोळ करू नका. चॉइसेस चिठ्ठी परत टाकतं, त्यात रिपीट येतात. नमपायमधलं चॉइस पण मुळात परत टाकणारंच आहे, तिथं रिप्लेस इक्वल टू फॉल्स असं सांगावं लागतं.

जास्त आकडे मागितले तर सॅम्पल व्हॅल्यू एरर देतं. ही एरर चांगली आहे, ती दाबू नका, रेंज तपासा. आणि जुन्या कोडमध्ये सॅम्पलला थेट सेट दिलेला असेल तर पायथन ३.११ पासून ते चालत नाही, आधी लिस्ट किंवा सॉर्टेड करून द्या.

६. दुसऱ्या भाषा वापरत असाल तर

जावास्क्रिप्ट: मॅथ.रँडम ० पासून १ च्या आतला अपूर्णांक देतं. त्याला ५०० ने गुणून मॅथ.फ्लोअर करा आणि १ मिळवा. फ्लोअरच्या जागी मॅथ.राउंड वापरून आकडा बसवला की दोन टोकांच्या आकड्यांना बाकीच्यांपेक्षा निम्माच चान्स मिळतो, हे हळूच होतं, दिसत नाही. युनिकसाठी वरचं अदलाबदलीचं लूप स्वतः लिहा, सहा-सात ओळींचं काम आहे. नेटवर सापडणारी सॉर्टमध्ये मॅथ.रँडम वजा अर्धा टाकायची युक्ती उचलू नका. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपातल्या लोकांना ब्राउझर निवडायला जी स्क्रीन दाखवली होती तिथं हीच युक्ती वापरली गेली, ब्राउझरांचा क्रम सारखा पिसला जात नव्हता आणि लोकांनी मोजून ते दाखवून दिलं. अजून एक, निकाल दाखवताना नुसतं सॉर्ट म्हटलं तर जावास्क्रिप्ट आकडे अक्षरांसारखे लावतं, १ नंतर १० नंतर १०० नंतर २. त्याला आकड्यांची तुलना कशी करायची ते सांगावं लागतं.

सी: अजून बऱ्याच लॅबमध्ये टर्बो सी चालतं. तिथं रँड फंक्शन ० ते ३२७६७ एवढेच आकडे देतं. रँड मॉड्युलो ५०० केलं की ० ते २६७ हे आकडे बाकीच्यांपेक्षा थोडे जास्त येतात, कारण ३२७६८ ला ५०० ने भाग जाताना २६८ उरतात. हा फरक बारका आहे, प्रॅक्टिकलला चालून जाईल. पण १ ते ५०,००० मधले आकडे असे काढायला गेलात तर ३२७६८ च्या वरचा एकही आकडा कधीच येणार नाही, आणि हे अजिबात चालून जाणार नाही. रँडची सुरुवात कुठून करायची हे एसरँड ठरवतं, त्याला टाईम देतात ते लूपच्या बाहेर, एकदाच द्या. लूपच्या आत दिलं तर एका सेकंदात जेवढे आकडे निघतील ते सगळे सारखेच निघतात, कारण टाईम सेकंदाला एकदाच बदलतो.

जावा: १ ते ५०० ची अरेलिस्ट बनवा, कलेक्शन्स.शफल करा, पहिले ५० घ्या.

एक्सेल: कोड नको असेल तर ए कॉलममध्ये १ ते ५००, बी कॉलममध्ये प्रत्येकापुढं रँड फंक्शन, आणि बी वर सॉर्ट. सॉर्ट झाल्या झाल्या बी मधले आकडे परत बदलतात आणि सॉर्ट झालंच नाही असं वाटतं, घाबरू नका, ए कॉलम पिसलेला असतो. लगेच ए कॉलम कॉपी करून दुसऱ्या शीटवर पेस्ट व्हॅल्यूज करा. रँडबिटवीन वापरू नका, ते चिठ्ठी परत टाकणारं आहे, आणि कुठल्या पण सेलमध्ये काही टाईप केलं की त्याचे सगळे आकडे बदलून जातात. स्टेजवर निकाल वाचताना हे झालं तर काय होईल विचार करा.

७. रेंज फार मोठी असेल तर

१ ते १०० कोटी मधले फक्त १० आकडे पाहिजेत, तर १०० कोटी चिठ्ठ्या कोण लिहिणार? पायथनमध्ये काळजी नाही, रेंज ही खरी लिस्ट नसते, नुसती सुरुवात आणि शेवट लक्षात ठेवते, त्यामुळं सॅम्पल झटक्यात होतं. फक्त लिस्ट(रेंज(...)) करू नका, मेमरी भरून मशीन बसेल.

सी किंवा जावामध्ये रॉबर्ट फ्लॉइड ह्यांची १९८७ मध्ये छापून आलेली एक पद्धत आहे, ती करून बघा. १ ते १० मधले ३ पाहिजेत. सुरुवात ८ पासून, म्हणजे शेवटच्या तीन आकड्यांपासून. १ ते ८ मधला काढा, समजा ५ आला, घ्या. आता १ ते ९ मधला काढा, समजा परत ५ च आला, तर ५ च्या जागी ९ घ्या. ९ आधी येऊच शकत नव्हता, कारण आत्तापर्यंत ८ च्या पुढं आपण गेलोच नव्हतो. मग १ ते १० मधला काढा, समजा २ आला, घ्या. झाले ५, ९, २. तीन आकड्यांना बरोबर तीनच फेऱ्या. फक्त क्रम महत्त्वाचा असेल तर शेवटी एकदा पिसून घ्या, कारण ह्यात १० आला तर तो कायम शेवटीच येतो.

८. सीड: कधी द्यायचं, कधी नाही

रँडम.सीड(७) असं आधी लिहिलं की दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने येतात. पेपर परत तसाच काढायचा असेल, कोडमधली चूक शोधायची असेल तेव्हा हे फार कामाचं. पण पायथनचं व्हर्जन बदललं तर त्याच सीडवर सॅम्पलचा निकाल बदलू शकतो, म्हणून नुसतं सीड लिहून ठेवू नका, निघालेली यादीच सेव्ह करा.

पायथनचं साधं रँडम मर्सेन ट्विस्टर नावाच्या पद्धतीवर चालतं, मात्सुमोतो आणि निशिमुरा ह्या दोन जपानी गणितज्ञांची, १९९७ मधली. टेस्ट पेपरला, खेळाला उत्तम. पण त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे कुणाच्या हाती लागले तर पुढचे सगळे सांगता येतात. म्हणून पैशाचं बक्षीस, पासवर्ड, ओटीपी असलं काही असेल तर सीक्रेट्स मॉड्यूल वापरा, पायथन ३.६ पासून आहे: सीक्रेट्स.सिस्टमरँडम().सॅम्पल(रेंज(१, ५०१), १०). ह्यात सीड चालत नाही.

गावात सोडत असेल तर लोक विचारतात, "मशीनमध्ये काय केलंव कुणाला ठाव?" विचारणाऱ्याचं चूक नाही. मी अशा वेळी सीड चालणारं साधं रँडमच वापरते आणि असं करते: आधी सगळ्यांची नंबर टाकलेली यादी भिंतीवर चिकटवते, कोड मोठ्या स्क्रीनवर दाखवते, मग जमलेल्यांपैकी तिघांना एकेक आकडा सांगायला लावते आणि ते तीन आकडे जोडून सगळ्यांसमोर सीड म्हणून टाकते. ज्याला शंका असेल त्याने घरी जाऊन तोच कोड, त्याच व्हर्जनवर, तेच सीड टाकून चालवावा, तीच नावं येतील. यादी आधी आणि सीड नंतर, हा क्रम उलटा करू नका. सीड आधी माहीत असेल तर यादीत कुणाला कितव्या नंबरवर बसवायचं हे ठरवता येतं.

९. तपासणी

लेन(प्रश्न) आणि लेन(सेट(प्रश्न)) सारखे आहेत का बघा. सगळ्यात लहान १ च्या खाली आणि सगळ्यात मोठा ५०० च्या वर नाही ना बघा. ह्याला दहा सेकंद लागतात.

सगळ्यांना सारखा चान्स मिळतोय का हे बघायला १ ते १० मधून ५ काढायचं काम १०,००० वेळा करा आणि प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजा. प्रत्येक ५,००० च्या आसपास यायला पाहिजे, ४,८५० ते ५,१५० च्या आत असेल तर निवांत राहा. एखादा ४,००० वर अडकला असेल तर कोडमध्ये घोळ आहे.

आणि यादी पण तपासा. आकडे युनिक आले म्हणजे प्रश्न युनिक आले असं नाही. आमच्या प्रश्नसंचात एकच प्रश्न ८८ ला पण होता आणि ३१२ ला पण, दोन वेगळ्या पुस्तकांतून टाईप केलेला. कोड बरोबर, आकडे वेगळे, तरी पेपरात प्रश्न तोच. लकी ड्रॉमध्ये एकाच माणसाचं नाव दोनदा लिहिलेलं असतं, एकदा आडनाव आधी आणि एकदा नंतर.

१०. पूर्ण सीझनचे पेपर

इथं मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ लागला. दर रविवारी सॅम्पल चालवलं की एका पेपरात रिपीट येत नाही, पण मागच्या रविवारचा प्रश्न ह्या रविवारी येतो. पोरं लगेच ओळखतात.

म्हणून ५०० च्या ५०० एकदाच पिसायचे, रँडम.सॅम्पल(रेंज(१, ५०१), ५००), ती यादी फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि तिचे पन्नास-पन्नासचे तुकडे पाडायचे. पहिला पेपर ० ते ५०, दुसरा ५० ते १००, असं स्लाईस करत गेलं की दहा पेपर होतात आणि दहा आठवडे एकही प्रश्न परत येत नाही. फाईल एकदा लिहिली की परत पिसणारी ओळ कोडमधून काढून टाका, नाहीतर पुढच्या रविवारी चुकून चालेल आणि सगळी यादी नवी होईल. माझी एकदा झाली होती, पेनड्राईव्हवर जुनी कॉपी होती म्हणून वाचले.

मधेच नवीन प्रश्न आले तर? आमच्याकडं सहा पेपर झाल्यावर ४० नवीन प्रश्न आले. वापरलेल्या ३०० ला हात लावायचा नाही. उरलेले २०० आणि नवीन ४०, असे २४० एकत्र करून तेवढेच पिसायचे. त्यातून चार पेपर निघतात आणि ४० प्रश्न उरतात. ते ४० अकराव्या पेपरात आधी घालायचे, आणि वरचे १० काढताना रेंज १ ते ५४० न देता त्यातून हे ४० वगळून राहिलेल्या ५०० ची लिस्ट सॅम्पलला द्यायची.